जुन्या गोव्यातला अर्धा मनोरा: बाकी सगळं पडलं, हाच कसा राहिला?

उदगीरकर_ताई

दिवाळीनंतर आम्ही घरचे सगळे गोव्याला जाऊन आलो. सासूबाईंना मंगेशी आणि शांतादुर्गा करायची होती, लेकरांना समुद्र हवा होता. मी शाळेत इतिहास शिकवते, त्यामुळं मला जुनं गोवं बघायचं होतं. बॉम जिझसला सगळे आले, से कॅथेड्रललाही आले. पण पलीकडच्या टेकडीवर सेंट ऑगस्टीन चर्चचे अवशेष आहेत, तिथं चढायला कुणी तयार होईना. सासऱ्यांनी गाडीतच पाय पसरले. मग मी आणि माझा सातवीतला मुलगा दोघंच गेलो.

वर पोचलं की आधी लाल भिंतींचं रान दिसतं. कुठं कमरेएवढ्या, कुठं डोक्याच्या वर, छत कशालाच नाही. पायाखाली थडग्यांच्या शिळा, त्यांवर अक्षरं आणि घराण्यांची चिन्हं कोरलेली. आणि एका कडेला हा मनोरा, ४६ मीटर उंच. नीट बघितलं तर तोही पुरता नाही. उभा कापून अर्धा नेलाय असं वाटतं. मजल्यांच्या रिकाम्या कमानी एकावर एक, आणि त्यांतून पलीकडचं आभाळ.

इतिहास मला माहीत होता तो असा: ऑगस्टिनियन साधूंनी १५९७ ते १६०२ या काळात हे चर्च बांधलं. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारनंच धार्मिक संघ बंद केले, साधूंना जावं लागलं, जागा ओसाड झाली. १८४२ मध्ये छत कोसळलं. १९३१ मध्ये दर्शनी भिंत आणि अर्धा मनोरा पडला, १९३८ मध्ये आणखी काही भाग. चार मनोऱ्यांपैकी एवढाच उरला.

हे सगळं मी मुलाला सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आई, जे जाड होतं ते पडलं आणि जे उंच होतं ते राहिलं. उलटं व्हायला पाहिजे होतं ना?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. शेजारी एक गाईड लोकांना सांगत होता की हा देवाचा चमत्कार. माझं माहेर औशाकडचं. किल्लारीच्या भूकंपात काय पडलं आणि काय राहिलं, याचे असे चमत्कार मी लहानपणी खूप ऐकलेत, म्हणून ते काही पटत नाही. इथं बांधकामातले कुणी असतील तर सातवीतल्या पोराला समजेल असं सांगा. आणि दुसरं, शाळेची सहल तिथं न्यावी का? मुख्याध्यापक म्हणायलेत, पडक्या भिंती दाखवायला एवढा डिझेलचा खर्च कशाला.

शहागंजचा_राजू

ताई, पडक्या भिंतीच बघायच्या तर गोव्याला कशाला जाता? आमच्या गल्लीत या, एंट्री फ्री.
बाकी तुमच्या पोराचा प्रश्न एक नंबर. उत्तराची मी पण वाट बघायलो.

निवृत्त_ओव्हरसियर_लातूर

ताई, लेकराला माझ्याकडून शाबासकी सांगा. नोकरीत असताना साहेब लोकांनी सुद्धा मला एवढा सरळ प्रश्न कधी विचारला नाही.

तुम्ही किल्लारीचं नाव काढलंच आहे, तर तिथूनच सुरू करतो. भूकंपानंतर मी औसा-उमरगा पट्ट्यात पुनर्वसनाच्या कामावर होतो. आपल्या घरांच्या भिंती किती जाड असायच्या, तुम्हाला माहीत आहे. दोन-अडीच फूट, कुठं त्याहून जास्त. पण ती एक भिंत नव्हतीच. बाहेरून एक दगडी तोंड, आतून दुसरं, आणि मधे गोटे आणि माती. दोन्ही तोंडांना धरून ठेवणारा आरपार दगड शोधून सापडायचा नाही. वर माळवदाची, म्हणजे सपाट मातीच्या छताची, टनावारी पांढरी माती. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या आत जमीन हलली, भिंतीची दोन तोंडं दोन दिशांना फुगली आणि माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. जाडी काही कामाला आली नाही. म्हणून पोराला आधी हे सांगा की जाड म्हणजे पक्कं आणि उंच म्हणजे कच्चं, हा हिशोब चूक आहे. भिंतीला कोण कुठून ढकलतंय आणि तिला कुणी धरलंय का, ते बघायचं.

आता तुमचा मनोरा. पहिली शंका, एवढा उंच तर स्वतःच्याच वजनानं चिरडायला नको का? गणित करू. हे सगळं काम जांभ्याचं आहे, गोव्यात चिरा म्हणतात. बांधकामाच्या जांभ्यासाठी भारतीय मानक आहे, क्रमांक ३६२०. त्यात किमान ताकद दिलीय ३.५ न्यूटन दर चौरस मिलिमीटर. आमच्या जुन्या भाषेत चौरस सेंटिमीटरला ३५ किलो. ४६ मीटर उंचीची सलग भिंत धरा, जांभ्याचं वजन घनमीटरला सव्वादोन टन धरा. तळाच्या दगडावर चौरस सेंटिमीटरला साधारण दहा किलो भार येतो. सांध्यातला चुना दगडाहून कच्चा, म्हणून पूर्ण ३५ हिशोबात धरता येत नाहीत. तरी पण वजनाखाली चिरडायची वेळ फार लांब आहे. उंचीनं मनोरा मरत नाही. आपल्या दौलताबादचा चांद मिनार १४४५ चा, साठ मीटरच्या वर आहे आणि सहाशे वर्षांकडं चाललाय.

मग चर्च का पडलं? छतामुळं. मधल्या मोठ्या दालनावर दगडी कमानीचं छत होतं. सपाट माळवद भिंतीवर निस्तं बसतं, खाली दाबतं. कमान खाली दाबती आणि वरून भिंतींना बाहेर रेटती. रात्रंदिवस, शंभर वर्षं, दोनशे वर्षं. भिंती जाड कशासाठी केल्या? हा रेटा झेलायला. मधल्या दालनाच्या बाजूनं आठ छोटी प्रार्थनागृहं होती. त्यांच्या मधल्या आडव्या भिंती म्हणजे मोठ्या भिंतीला दिलेले टेकूच. तुम्ही फिरताना ज्या आखूड लाल भिंती ओलांडल्या, त्यातल्या बऱ्याच ह्या असणार. बांधणारा कारागीर तयारीचा होता, त्यात शंका नाही.

पण तारखा बघा. १६०२ ते १८३५, म्हणजे २३३ वर्षं माणसं राहत होती तोवर छत जागेवर. माणसं गेली आणि सातव्या वर्षी छत खाली. दगड सात वर्षांत म्हातारा होत नाही. झालं असं की वरचा गिलावा फुटला, तो कुणी भरला नाही, पाणी कमानीत शिरलं, सांध्यातला चुना वाहून गेला, फटीत पिंपळ-वडाची मुळं गेली. कमानीतला एक दगड सरकला की शेजारच्याला रेटायला कुणी राहत नाही. मग भिंतीला जो रेटा दोन्हीकडून सारखा होता तो एकीकडं राहतो, दुसरीकडं नाही. असं छत एका दिवसात जातं, पण त्याची तयारी बरीच आधी सुरू झालेली असती.

गोव्याचा पाऊस विसरू नका. आपल्याकडं वर्षाला आठशे मिलिमीटरच्या आत-बाहेर, तिकडं तीन हजाराच्या आसपास. २०१६ ला आपण रेल्वेनं पाणी आणून प्यालो, आणि तिथं चारशे वर्षं गवंडी निस्ता पाणी बाहेर ठेवायच्या मागं. त्यात जांभा भोकाभोकांचा दगड. खाणीतून काढताना इतका मऊ की कुऱ्हाडीसारख्या हत्यारानं तासता येतो. हवेवर टणक होतो, पण पाणी पितच राहतो. म्हणून त्याला चुन्याचा गिलावा लागतोच. तिकडं चुना समुद्रातल्या शिंपल्या भाजून करायचे, आपल्याकडं चुनखडीचे खडे भाजून. पुढं घाणीत मळायची रीत तीच.

आता मनोरा का राहिला. त्याच्यावर कमानी छताचा रेटा नव्हता. वजन सरळ खाली. चार भिंती चार कोपऱ्यांत एकमेकींत गुंतलेल्या, एक हलायला लागली की शेजारच्या दोन तिला धरतात. दर्शनी भिंतीचं तसं नाही. ती लांब, सपाट, तिला मागून छत आणि बाजूच्या भिंती धरून होत्या. छत गेल्यावर ती एकटी उभी राहिली, आणि तशी ८९ वर्षं राहिली हेच मला मोठं वाटतं. १९३१ ला ती पडली तेव्हा तिला चिकटलेला मनोऱ्याचा अर्धा भाग सोबत घेऊन गेली.

उरलेला अर्धा का नाही पडला? पोराला एक लग्नपत्रिका द्या. सपाट पत्रिका टेबलावर उभी करायला सांगा, पडती. तीच मधे मोडून काटकोनात ठेवली की उभी. मनोऱ्याच्या भिंती कोपऱ्याला जुळलेल्या आहेत तोवर त्याचं असंच आहे. कोपरा फाटला की खेळ संपला. किल्लारी भागात सुद्धा ज्या थोड्या घरांना मिस्त्रीनं कोपऱ्याला लांब घडीव दगड आलटून-पालटून घातले होते, तिथं बाकी घर जाऊन कोपरे उभे राहिलेले मी बघितलेत. तिथं तुमच्या गाईडसारखी माणसं हळद-कुंकू वाहून गेली होती. मी मिस्त्रीचं नाव विचारलं, कुणाला सांगता आलं नाही.

सहलीचं म्हणाल तर न्या. पुरी इमारत बाहेरून दिसती, अर्धी इमारत आतून दिसती. भिंत किती जाड, दगडांचे थर किती उंचीचे, मजले कुठं टेकवले होते, हे सगळं तिथं उघडं पडलंय. आम्हाला असा आडवा-उभा छेद ड्रॉइंगवर काढायला दोन रात्री लागायच्या.

परभणीकर_सध्या_फोंडा

ओव्हरसियर काकांनी इतकं सांगितलंय की बांधकामाचं मला काही सांगायला उरलं नाही. मी कंपनीच्या नोकरीमुळं इथं फोंड्यात राहतो, पाहुणे आले की ही टेकडी माझ्या वाट्याला येते. काही बाकीच्या गोष्टी सांगतो, सहलीत कामाला येतील.

एक, घंटा. मनोरा घंटेसाठीच होता. ती घंटा आता पणजीत आहे. पायऱ्यांच्या पांढऱ्या चर्चचा फोटो सगळे काढतात ना, इमॅक्युलेट कन्सेप्शनचं, त्याच्या मधोमध वर टांगलेली. १८७१ मध्ये तिथं बसवली. गोव्यातली दुसऱ्या क्रमांकाची मोठी घंटा आहे. पहिली से कॅथेड्रलमध्ये. तर मुलांना आधी पणजीत घंटा दाखवा, मग तिचं रिकामं घर.

दोन, राणीची हाडं. मुलं इथं सगळ्यात जास्त कान टवकारतात. जॉर्जियाची केतेवान नावाची राणी होती. इराणच्या शाह अब्बासनं तिला धर्म सोडायला सांगितलं, तिनं नकार दिला, १६२४ मध्ये शिराझला तिला हालहाल करून मारलं. तिथं असलेल्या ऑगस्टिनियन साधूंनी तिचे अवशेष गुपचूप मिळवले आणि त्यातले काही १६२७ मध्ये इथं, याच मठात आणून ठेवले. जुन्या पोर्तुगीज कागदांत जागा लिहून ठेवलेली होती, अमुक खिडकीजवळ दगडी पेटीत म्हणून. पण १८४२ नंतर खिडकीच राहिली नाही तर शोधणार कुठं? पुरातत्त्व खात्यानं ढिगारा उपसला, भिंतींचा नकाशा जुळवला, आणि हाड सापडलं. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत डीएनए तपासला, त्यातला वंशाचा धागा आपल्याकडच्या लोकांत सापडत नाही असा निघाला. २०२१ च्या जुलैत आपल्या परराष्ट्रमंत्र्यांनी ते अवशेष जॉर्जियाला नेऊन दिले. तिकडं ती संत आहे. परभणीच्या माझ्या आजीला ही गोष्ट सांगितली तर ती म्हणाली, "बाईला माहेरी पोचवलं, बरं केलं."

तीन, ताई ज्या भिंतींना रान म्हणाल्या ते या उत्खननामुळं दिसतंय. आधी नुसता मातीचा आणि झुडपांचा ढीग होता. १९८६ पासून जुन्या गोव्याची चर्चेस जागतिक वारशात आहेत, त्यात हेही धरलंय.

एक भर काकांच्या उत्तरात. मनोरा कोपऱ्यांच्या जोरावर राहिला हे खरं, पण आता तो निसर्गावर सोडलेला नाही. खात्याची देखरेख आहे, सांधे भरलेले जवळून दिसतात. भिंतीवर चढू देत नाहीत, ते बरोबरच आहे.

उदगीरकर_ताई

काका, लग्नपत्रिकेचा प्रयोग झाला. घरात लगीनसराईच्या पत्रिकांचा गठ्ठा होताच. पोरानं तीन पत्रिकांचं चर्च केलं, वर चौथी वाकवून छत ठेवलं, आणि छतावर बोट दाबून भिंती फाकतात का ते बघितलं. फाकल्या. मग बाजूला पुस्तकं लावली, तेव्हा थांबल्या. जाऊबाई म्हणाल्या, त्यातली एक पत्रिका परवाच्या लग्नाची होती, पत्ता तरी बघून घ्यायचा.

आता त्याचा पुढचा प्रश्न आलाय. से कॅथेड्रललाही एकच मनोरा आहे. तिथं तर चर्च शाबूत आहे, छत शाबूत आहे, मनोरा मात्र गेलाय. म्हणजे काकांनी सांगितलं त्याच्या बरोबर उलटं. ते कसं?

शहागंजचा_राजू

काका फसले 😄

निवृत्त_ओव्हरसियर_लातूर

फसलो नाही राजूभाऊ, पोरगं माझ्या बाजूनंच बोलायलंय.

से कॅथेड्रलचा उत्तरेकडचा मनोरा १७७६ मध्ये पडला. तो पुन्हा कधी बांधलाच नाही, म्हणून समोरून बघताना एक खांदा उतरल्यासारखा दिसतो. दक्षिणेकडचा उभा आहे आणि मोठी घंटा त्यात आहे. पण महत्त्वाचं हे की मनोरा गेल्यावर चर्च ओसाड पडलं नाही. ते मुख्य धर्मपीठ, तिथं रोजची प्रार्थना चालू. मनोरा पडला तिथं भिंत नीट केली, छत राखलं, चुना मारत राहिले. मनोरा हा स्वतंत्र डबा असल्यामुळं तो गेला तरी छताचा रेटा झेलणाऱ्या भिंती तशाच होत्या. ऑगस्टीनला आधी छत गेलं आणि पाठोपाठ सगळं. सेला एक मनोरा गेला आणि बाकी सगळं राहिलं. दोन्हीकडं दगड तोच, पाऊस तोच. अंतर चालत जाण्याइतकं. फरक चुन्याच्या बादलीचा.

आणि गिलाव्याचं अजून एक. बॉम जिझस तुम्ही बघितलं ते बाहेरून लाल, उघड्या दगडाचं. ते मूळचं तसं नव्हतं. १९५० च्या दशकात एका पोर्तुगीज वास्तुविशारदानं त्याचा गिलावा काढून टाकला, जुनं दिसावं म्हणून. तेव्हापासून तो जांभा पाऊस पितोय, आणि आता परत गिलावा करायचा की लाल रंग ठेवायचा यावर तिकडं वाद चालू आहे. लोकांना लाल आवडतो, फोटोत छान येतो. माझं मत विचाराल तर उद्या सकाळी परांची बांधा आणि चुना लावा. ऑगस्टीनची टेकडी समोर दिसत असताना वाद कसला घालता?

परभणीकर_सध्या_फोंडा

काका, हे इथं मोठ्यानं बोलू नका, निम्मं गाव अंगावर येईल. मी मात्र तुमच्या बाजूनं.

ताई, असेच एकांडे मनोरे महाराष्ट्रातही आहेत. वसईच्या किल्ल्यात सेंट जोसेफ चर्चचा मनोरा आहे, आत गोल जिना. आणि रेवदंड्याच्या किल्ल्यात फ्रान्सिस्कन चर्चचा, त्याला लोक सातखणी म्हणतात, आता सातही खण राहिले नाहीत. गोवा लांब पडत असेल तर कोकण सहलीत हे दोन धरता येतील.

निवृत्त_ओव्हरसियर_लातूर

उदगीरकरांना एवढं लांब कशाला पाठवता. ताई, तुमच्या शेजारी बीदर आहे. महमूद गवानचा मदरसा, १४७२ चा. दर्शनी बाजूला दोन मिनार होते, आज एकच आहे, त्यावर निळ्या-पांढऱ्या फरशांचे तुकडे अजून चिकटलेले. दुसरा औरंगजेबाच्या काळात गेला, आत साठवलेल्या बारुदीचा स्फोट झाला म्हणून सांगतात. मुख्याध्यापकांना डिझेलची काळजी असेल तर पहिली सहल तिथं काढा, सकाळी निघून संध्याकाळी घरी. पोरांना वहीत दोन चित्रं काढायला सांगा, एक आहे तसं आणि एक होतं तसं. ती चित्रं मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवा आणि मग गोव्याचा विषय काढा.

उदगीरकर_ताई

बीदरचं पटलं. तिथल्या किल्ल्यात जांभा पण बघायला मिळेल, म्हणजे दगड हातात घेऊन सांगता येईल. सरांशी सोमवारी बोलते. गोव्याला नेलंच तर कोणत्या महिन्यात न्यावं?

परभणीकर_सध्या_फोंडा

डिसेंबर-जानेवारी. ३ डिसेंबरला सेंट झेवियरचं फेस्त असतं, त्याच्या आधीचे आणि नंतरचे काही दिवस टाळा, बस लावायला जागा मिळत नाही. सकाळी लवकर टेकडी करा, वर सावली नाही. पोरांना टोप्या आणि पाण्याच्या बाटल्या सक्तीच्या. टेकडी झाली की खाली उतरून से, मग बॉम जिझस, आणि घंटा पणजीत, परतीच्या वाटेवर.